कॅरिबियन ठेका आणि मुंबईच्या विस्मृत तबकड्या

सन २००२ मध्ये एदो बाउमन हे डच संग्राहक दिल्लीतील एका दुकानात जुन्या हिंदी ध्वनिमुद्रिका चाळत होते. त्या ढिगात त्यांच्या हाती एचएमव्हीची एक एलपी लागली. वेष्टनावरील शीर्षक होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. साल १९८२ आणि वादकाचे नाव चरणजितसिंग. भैरव, ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, भूपाली, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग त्यात विद्युत वाद्यांवर, यंत्राने दिलेल्या न थांबणाऱ्या ठेक्यावर वाजविलेले होते. भारतात या तबकडीची दखल कोणी घेतली नव्हती. शास्त्रीय संगीताच्या रसिकांना ती खेळ वाटावी आणि नाचणाऱ्यांना ती रुक्ष वाटावी, अशीच तिची घडण होती.

बाउमन यांनी तिचा माग काढत मुंबई गाठली, चरणजितसिंग यांची भेट घेतली आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेतर्फे तिची नवी आवृत्ती काढली. त्यानंतर युरोप-अमेरिकेतील संगीतसमीक्षकांमध्ये मोठी चर्चा झाली. 'ॲसिड हाउस' हा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागोमध्ये जन्मला आणि 'फ्यूचर' या गटाची १९८७ची तबकडी ही त्याची नांदी, असा तोवरचा समज होता. त्याच यंत्रांतून, जवळपास तोच ध्वनी मुंबईत पाच वर्षे आधी निघाला होता. हा कोणा आधुनिक संगीतकाराने जुन्या नावाखाली केलेला बनाव असावा, अशी शंकाही काहींनी घेतली. वादक हयात होता, मुंबईतच राहत होता, हे कळल्यावर ती शंका विरली.

मात्र या तबकडीकडे आकाशातून पडलेला चमत्कार म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. परदेशी नृत्यठेके आपलेसे करण्याची मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांची परंपरा त्याआधी तीन दशके अखंड चालू होती, आणि तिच्यातील एक ठळक धागा कॅरिबियन बेटांकडून आलेला होता.

'फंक' हा मूळचा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा नृत्यसंगीताचा प्रकार. १९६०च्या दशकाच्या मध्यास जेम्स ब्राउन यांनी त्याला आकार दिला. आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सारे बळ द्यायचे आणि उरलेल्या मात्रांवर बास गिटार, ढोल व पितळी वाद्ये यांनी परस्परांत गुंतायचे, ही त्याची रीत. समेचे महत्त्व ठाऊक असलेल्या श्रोत्याला ती लवकर उमगते. अमेरिकी रेडिओवरून हा प्रकार कॅरिबियन बेटांवर पोहोचला, तेव्हा तिथे कॅलिप्सो, बिगीन, मेंतो अशी स्वतःची ठेक्यांची संपत्ती होतीच. दोहोंच्या मिश्रणातून १९७०च्या दशकात शेकडो लहान तबकड्या निघाल्या. बहामा बेटांवरील 'द बिगिनिंग ऑफ द एंड' या वाद्यवृंदाची 'फंकी नासाऊ' (१९७१) अमेरिकेतही गाजली. बाकीच्या बहुतेक बेटांबाहेर गेल्याच नाहीत.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन तरुणांच्या 'सिमांडे' या गटाची कहाणी या संदर्भात नेहमी सांगितली जाते. १९७२ मध्ये त्यांची पहिली एलपी आली. पण इंग्लंडने पाठ फिरवली आणि काही वर्षांत गट पांगला. त्यातील दोघे पुढे वकील झाले. दरम्यान त्यांच्या वादनाचे तुकडे अमेरिकेतील हिप-हॉप कलावंत आपल्या गाण्यांत वापरत होते. 'डी ला सोल'ने १९८९ मध्ये आणि 'फ्यूजीस'ने १९९६ मध्ये ते वापरले. मूळ वाजविणारे कोण, याचा शोध त्यानंतर सुरू झाला. २०००च्या दशकात 'साउंडवे'सारख्या प्रकाशकांनी बेटांवरील जुन्या तबकड्या गोळा करून, त्यांच्या वादकांची माहिती जोडून संग्रह प्रसिद्ध केले. फ्रेंच कॅरिबियन बेटांवरील १९६३ ते १९७४ या काळातील संगीताचा 'तुंबेले' (२००९) हा त्यांपैकी एक. मुंबईची तबकडी नव्याने निघाली ती याच लाटेत.

मुंबईत हा ठेका रुजविणाऱ्यांत एका मराठी संगीतकाराचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. 'समाधी' (१९५०) या चित्रपटातील लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे त्यांनी स्वरबद्ध केलेले खट्याळ द्वंद्वगीत आजही लग्नाच्या वरातीत वाजते. त्याची चाल 'चिको चिको' या गाण्यावरून सुचलेली, आणि ते गाणे एडमंडो रॉस यांच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेले. रॉस यांचा जन्म त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे १९१० साली झाला होता. लंडनमध्ये त्यांनी लॅटिन व कॅरिबियन ठेक्यांचा वाद्यवृंद उभारला होता आणि त्यांच्या तबकड्या मुंबईतील वादकांच्या कानी पडत होत्या.

या वादकांमध्ये गोव्याचे ख्रिस्ती आणि मुंबईचे पारशी मोठ्या संख्येने होते. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ) हे सी. रामचंद्र यांचे महत्त्वाचे सहकारी. भगवानदादांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. कावस लॉर्ड यांनी बोंगो आणि काँगा ही तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविली. त्यांचे पुत्र केर्सी लॉर्ड यांनी पुढे ॲकॉर्डियनपासून सिंथेसायझरपर्यंत मजल मारली. लावणीची ढोलकी आणि क्युबाचा बोंगो एकाच दिवशी, एकाच कक्षात, शेजारी शेजारी बसून वाजत, हे त्या काळच्या मुंबईत नवलाचे नव्हते. वेष्टनावर मात्र चित्रपटाचे, संगीतकाराचे, गीतकाराचे आणि गायकाचे नाव असे. वाजविणाऱ्यांची नावे क्वचितच छापली जात.

कॅरिबियन बेटांशी असलेले हे नाते एकमार्गी नव्हते. १८४५ ते १९१७ या काळात जवळपास दीड लाख भारतीय करारबद्ध मजूर म्हणून त्रिनिदादच्या ऊसमळ्यांवर गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधील होते. ढोलक आणि दंडताल त्यांनी सोबत नेला. लोखंडी सळईवर नालाच्या आकाराच्या तुकड्याने आघात करायचा, असे हे दंडतालाचे साधे वाद्य. १९३५ मध्ये 'बाला जोबन' हा बोलपट त्रिनिदादमध्ये दाखविला गेला आणि तेथपासून मुंबईच्या चित्रपटगीतांची आवक सुरू झाली. १९७०च्या सुमारास सुंदर पोपो या गायकाने भोजपुरी लग्नगीतांचा बाज, बेटावरची इंग्रजी आणि गिटार यांचे मिश्रण करून जी तबकडी काढली, तिच्यातून पुढे 'चटणी' हा संगीतप्रकार उभा राहिला. त्याच दशकात लॉर्ड शॉर्टी या कॅलिप्सो गायकाने ढोलक-दंडतालाचे बोल कॅलिप्सोत मिसळले आणि 'सोका' जन्मास आला. कॅरिबियन म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या ठेक्याच्या पोटात ढोलक आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

हे वर्तुळ मुंबईतच पूर्ण झाले. कल्याणजी-आनंदजी यांचे धाकटे बंधू, तालवादक बाबला आणि त्यांच्या पत्नी, गायिका कांचन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी सुंदर पोपो यांची गाणी मुंबईत नव्याने ध्वनिमुद्रित केली. माँटसेरात बेटावरील ॲरो या गायकाचे १९८२चे 'हॉट हॉट हॉट' हे सोका गीतही त्यांनी 'कुछ गडबड है' असे हिंदीत आणले. 'धर्मात्मा' (१९७५) आणि 'कुर्बानी' (१९८०) या चित्रपटांतील गाण्यांमुळे कांचन यांचा आवाज येथील श्रोत्यांना परिचित होता. परंतु त्रिनिदाद, गयाना आणि सुरिनाममध्ये या दांपत्याला जी लोकप्रियता लाभली, तिची कल्पना मुंबईला नव्हती. येथे बाबला म्हणजे 'डिस्को दांडिया', एवढेच समीकरण राहिले. कांचन यांचे २००४ साली निधन झाले. पुढे इंदूरच्या मराठी कुटुंबातील संगीतकार स्नेहा खानवलकर यांनी 'गँग्स ऑफ वासेपूर'साठी (२०१२) त्रिनिदादला जाऊन तेथील गायकाकडून गाणे गाऊन घेतले, तेव्हा हिंदी चित्रपटसृष्टीला हा धागा नवाच वाटला.

चरणजितसिंग याच जगातले. १९४० साली जन्मलेले हे वादक शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, कल्याणजी-आनंदजी अशा संगीतकारांकडे गिटार, बास आणि कळफलकाची विद्युत वाद्ये वाजवीत. चित्रपटगीतांच्या केवळ वाद्यांवरील तबकड्या हा त्यांच्यासारख्यांचा आणखी एक उद्योग. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांमधील मोकळी मिनिटे भरण्यासाठी असे वाद्यसंगीत सर्रास वापरले जाई. कोट्यवधी श्रोत्यांनी ते ऐकले आणि कोणी वाजविले, हे एकालाही विचारावेसे वाटले नाही.

१९८०च्या 'कुर्बानी'नंतर देशभर डिस्कोची लाट उसळली. १९८२ हे 'डिस्को डान्सर'चे वर्ष. चरणजितसिंग यांनी सिंगापूरहून रोलँड या जपानी कंपनीची नवी यंत्रे आणली होती. टीआर-८०८ हे ताल देणारे यंत्र, टीबी-३०३ हे बासचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. यांतील टीबी-३०३ची कथा मोठी रंजक आहे. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी बासची साथ मिळावी, म्हणून ते बनविले गेले. पण त्याचा आवाज खऱ्या बाससारखा नव्हता, ते चालविणे किचकट होते आणि काही वर्षांतच कंपनीने उत्पादन थांबविले. मग ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि शिकागोच्या तरुणांनी ती उचलली.

या यंत्रात सोळा घरांची स्वरपंक्ती भरून ठेवता येते आणि ती आपोआप फिरत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे. पाश्चात्त्य वादकाला ती गंमत वाटली असेल. भारतीय कानाला तेथे मींड ऐकू येणे स्वाभाविक होते. खाली तानपुऱ्यासारखी एकसारखी फिरणारी स्वरावली आणि वर रागाचा विस्तार, अशी मांडणी चरणजितसिंग यांनी केली. राग मोडू द्यायचे नाहीत, हा त्यांचा कटाक्ष जाणवतो. तरीही हे रागसंगीत म्हणून श्रेष्ठ आहे, असे म्हणता येणार नाही. ठेका जवळजवळ बदलतच नाही, आणि आलापीला लागणारा अवकाश यंत्र देत नाही. तबकडीचे मोल तिच्या धाडसात आहे. ऐकणाऱ्याने तोडी आणि मेघमल्हार एकापाठोपाठ ऐकून पाहावेत. कोणत्या रागाला यंत्र मानवते आणि कोणत्याला नाही, हे तेथेच कळते.

खप झाला नाही, तबकडी विसरली गेली. चरणजितसिंग पुढे समारंभांत वाद्यवृंद वाजवीत राहिले. २०१० नंतर, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना युरोपातील महोत्सवांची निमंत्रणे येऊ लागली आणि तिशीच्या आतल्या श्रोत्यांपुढे त्यांनी हे दहा राग प्रत्यक्ष वाजविले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मान मिळाला तो अखेरच्या पाच वर्षांत. कल्याणजी यांना तेवढाही अवधी मिळाला नाही. त्यांच्या जुन्या गीतांच्या आधारे बांधलेले 'ब्लॅक आइड पीज'चे गाणे २००५ साली आले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला; कल्याणजी २००० सालीच निवर्तले होते.

या विस्मरणाला केवळ रसिकांची उदासीनता जबाबदार नाही. ध्वनिमुद्रण कक्षातील वादकाला त्या दिवसाचे मानधन मिळे आणि त्याचा संबंध तेथेच संपे. १९८२ साली भारतीय प्रताधिकार कायद्यात वादकाला वादक म्हणून स्वतंत्र हक्कच नव्हता. तो १९९४च्या दुरुस्तीने आला आणि व्यापारी वापरातील वाट्याची तरतूद तर २०१२ साली झाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीकडे, प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. म्हणजे १९५१च्या 'अलबेला'ची मूळ ध्वनिमुद्रणे आता मुक्त आहेत, तर १९८२ची तबकडी २०४२च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. जी तबकडी कंपनीला खपाऊ वाटत नाही, तिचे मूळ फीत-मुद्रण सांभाळण्याचा खर्चही कोणी करीत नाही. फीत हरवली की सर्वांत कमी झिजलेली तबकडी शोधून तिच्यावरूनच नवी प्रत करावी लागते. एका अज्ञात घरातील नीट राहिलेली प्रत अशा वेळी मूळ दस्तऐवज ठरते.

संग्राहकांचेही या तबकड्यांकडे लक्ष नव्हते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने नाट्यसंगीत व शास्त्रीय संगीताच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांबाबत अमूल्य काम केले. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रणांना आपल्याकडे वारसा मानले गेले. नाचायची तबकडी ही वारसा असू शकते, हे मान्य व्हायला उशीर लागला. तोवर कॅसेट आली, मग सीडी, आणि घरोघरच्या तबकड्या रद्दीबरोबर गेल्या. मुंबईतील काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाउस' हे जुने दुकानही २०१६ मध्ये बंद झाले.

गोव्याचा अनुभव याहून वेगळा आहे. ख्रिस पेरी या संगीतकाराने लोर्ना कोर्देरो या गायिकेकडून १९७०च्या दशकाच्या आरंभी गाऊन घेतलेल्या, जॅझ आणि लॅटिन ठेक्यांवरील कोंकणी गाण्यांच्या तबकड्या शोधायला परदेशी संग्राहक यावा लागला नाही. दोघे विलग झाले, लोर्ना यांनी गाणे सोडले. पण लग्नाच्या मेजवानीत ती गाणी लोक स्वतःच गात राहिले. चोवीस वर्षांच्या मौनानंतर १९९५ मध्ये लोर्ना पुन्हा मंचावर आल्या, तेव्हा श्रोत्यांना शब्द पाठ होते. ख्रिस पेरी २००२ मध्ये वारले. बार्द्रॉय बार्रेतो यांनी या गाण्यांवर 'नाचोंया कुंपासार' हा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार लाभले. ज्या गाण्याला शब्द आहेत आणि ते शब्द ज्यांचे आहेत असा समाज आहे, ते टिकते. वाद्यांवरच्या तबकडीला असा आधार नसतो. तिला प्रत्यक्ष तबकडीच जपावी लागते.

अशा तबकड्या आज असतील तर कुठे? शहरांतील जुने बाजार संग्राहकांनी पुष्कळसे धुंडाळले आहेत. खेड्यांकडे मात्र त्यांचे पाय क्वचितच वळले. नांदेड-हिंगोली मार्गावरील डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातील केळीच्या बागांचे गाव घ्या. अशा गावांत ध्वनिमुद्रिका घरोघरी नव्हत्या. त्या असत लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे. लग्न, बारसे, जत्रा, गणपती, जिथे मांडव पडे तिथे बॅटरी, कर्णा, प्लेअर आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी जाई. पाहुणे जेवायला बसण्याआधी भक्तिगीते, वरात निघाली की नाचाची गाणी, आणि अधूनमधून केवळ वाद्यांवरच्या चाली. व्यवसाय कॅसेटवर गेला तशा त्या पेट्या माळ्यावर गेल्या. मराठवाड्यात उन्हाळी पारा चाळिशीपलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर आडव्या रचलेल्या प्लास्टिकच्या तबकड्या त्या उष्णतेत वाकतात आणि मग सुई ठरत नाही.

अशी पेटी उघडणाऱ्याने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. जड आणि ठिसूळ, ७८ फेऱ्यांची तबकडी असेल तर ती लाखेची. तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले द्रावण कधीही लावू नये, लाख त्यात विरघळते. मऊ कापड आणि थोडे स्वच्छ पाणी पुरते, तेही मधला कागद भिजू न देता. लवचीक एलपी किंवा ४५ फेऱ्यांची तबकडी असेल तर सौम्य साबणाचे पाणी चालते. वाजविण्याआधी सुई नवी आहे ना, ते पाहावे. झिजलेली सुई एका फेरीत खाच कायमची खराब करते. मग मधल्या कागदावरील क्रमांक, आणि त्या कागदाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला बारीक क्रमांक, दोन्ही टिपून घ्यावेत. दुसरा क्रमांक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. वेष्टन हरवले असले तरी त्यावरून तबकडीची ओळख पटविता येते. वेष्टन शिल्लक असेल तर त्याची मागची बाजू नीट वाचावी. वादकांची नावे कुठे छापली असतील, तर ती तेथेच, सर्वांत लहान अक्षरांत असतात.